रोलवर घेण्याची किंमत

अंगणवाडीतल्या मुलांचं वजन, उंची, आहार यांच्या नोंदी ज्या सरकारी ॲपमध्ये होतात त्याचं नाव पोषण ट्रॅकर. त्या कामात ग्राहक होता डिजिटल इंडिया कॉर्पोरेशन आणि माणसं होती डॅफोडिल सॉफ्टवेअर या खासगी कंपनीची. डॅफोडिलमध्ये २०२२च्या जानेवारीत लागलेला एक अभियंता या प्रकल्पावर होता. त्याने राजीनामा दिला, नोटीस पिरियड पुरा केला आणि एप्रिल २०२५मध्ये थेट डिजिटल इंडिया कॉर्पोरेशनमध्येच रुजू झाला. ज्यांच्यासाठी काम करत होता, त्यांचाच नोकर झाला.

डॅफोडिलच्या करारात कलम होतं, की नोकरी सोडल्यावर तीन वर्षं कंपनीच्या ग्राहकांकडे काम करायचं नाही. खालच्या कोर्टाने त्या कलमाच्या जोरावर मनाई दिली. जून २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उठवली. नोकरी संपल्यानंतर लागू होणारी अशी बंदी भारतीय करार कायद्याच्या कलम २७पुढे टिकत नाही, आणि एकतर जुन्याच मालकाकडे राहा नाहीतर घरी बसा अशा पेचात नोकरदाराला टाकता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

या निकालावर दोन माणसांना समोरासमोर बसवू. एक मामा, भोसरीत एजन्सी चालवणारा. चाकण-तळेगावच्या कारखान्यांना चिलर, पंप, जनरेटर आणि सांडपाण्याचा प्लांट चालवणारी माणसं पुरवतो. दुसरी त्याची भाची, नोकरीच्या करारांचे खटले लढणारी वकील. दोघंही कल्पित. त्यांचा वाद मात्र पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात रोज कुठे ना कुठे चालू असतो.

"आयत्या बिळावर नागोबा," हा मामाचा पहिला शेरा. "पोरगं आयटीआयमधून येतं तेव्हा त्याला पाना धरता येतो. चिलर ट्रिप का झाला, ते कळत नाही. ते कळायला वर्ष जातं आणि ते वर्ष माझ्या खर्चाने जातं. मग एक दिवस साइटवरचा मेंटेनन्स हेड त्याला चहा पाजतो आणि विचारतो, आमच्या रोलवर येतोस का?"

"मग त्याने नाही म्हणायचं?"

"म्हटलं तर काय बिघडलं?"

"त्याचं काय बिघडतं ते आधी बघू. तू त्याला देतोस किती?"

इथे आकडे मांडले नाहीत तर वाद हवेतच राहतो. समजा, एक तंत्रज्ञ पगार, पीएफ वगैरे सगळं धरून एजन्सीला महिना ३०,००० रुपयांना पडतो आणि कारखान्याला त्याचं बिल जातं ३३,०००चं. कारखान्याने त्यालाच ३१,५०० खर्चून रोलवर घेतलं, तर कारखान्याचे दीड हजार वाचतात आणि तंत्रज्ञाचे दीड हजार वाढतात. एजन्सीचे तीन हजार दोघांनी निम्मे निम्मे वाटून घेतले. यात कुणी लबाड असावं लागत नाही. वर कंपनीचा बिल्ला मिळतो, कँटीन मिळतं, सोयरीक जुळवताना सांगायला 'पर्मनंट' हा शब्द मिळतो.

"ते तीन हजार माझ्या खिशात पडतात असं समजू नकोस," मामा म्हणतो. "रात्री दोन वाजता एखादा आला नाही तर दुसरा पाठवायचा कुणी? पगार सात तारखेला करायचा आणि कारखान्याचं बिल निघतं दोन-दोन महिन्यांनी. मधलं व्याज कोण भरतं?"

भाची हे नाकारत नाही. तिचा मुद्दा वेगळा आहे. "खर्च तुझा झाला, हे मान्य. पण खर्च झाला म्हणून माणूस तुझा होत नाही. आपल्याकडे हे १८७२पासून ठरलेलं आहे."

कलम २७ची कूळकथा मोठी गमतीची आहे. इंग्लंडच्या न्यायालयांनी तोवर असा नियम रुळवला होता, की व्यवसायावरचं बंधन वाजवी असेल तर चालेल. भारताचा करार कायदा लिहिणाऱ्यांनी तो न घेता न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड यांच्या संहितेच्या मसुद्यातला कडक नियम उचलला: असं बंधन घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. अपवाद मुख्यतः धंदा नावलौकिकासकट विकण्याचा. खुद्द न्यूयॉर्कने फील्ड यांची ती दिवाणी संहिता कधी स्वीकारली नाही. कॅलिफोर्नियाने स्वीकारली, आणि तीही त्याच १८७२ साली. सिलिकॉन व्हॅलीतला अभियंता आज राजीनामा देऊन उद्या समोरच्या इमारतीत बसू शकतो आणि हिंजवडीतलाही बसू शकतो, त्यामागचं मूळ एकच आहे.

"मग कल्याणच्या केसचं काय?" मामाच्या वकिलाने त्याला एवढं एक नाव पक्कं शिकवलेलं असतं. आणि ते नाव फुसकं नाही.

सेंच्युरी कंपनीचा कल्याणजवळ टायरकॉर्डचा कारखाना होता. त्याचं तंत्रज्ञान १९६१मध्ये हॉलंड आणि पश्चिम जर्मनीच्या कंपन्यांकडून आलं होतं, आणि ते गुप्त ठेवण्याची अट त्यांनी घातली होती. म्हणून कामावर येणाऱ्यांकडूनही तशी लेखी हमी घेतली जाई. १९६३मध्ये पाच वर्षांच्या करारावर लागलेले गोलिकारी हे शिफ्ट सुपरवायझर १९६४च्या अखेरीस सोडून गेले आणि कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये महिना ५६० रुपयांवर लागले. तिथेही टायरकॉर्डचंच सूत निघत होतं. कल्याणच्या कोर्टात सुरू झालेला हा दावा १९६७मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला आणि कंपनी जिंकली.

"जिंकली ना?"

"जिंकली. पण कशात, ते वाच. पाच वर्षांच्या मुदतीतला जो काळ उरला होता, तेवढ्यापुरती मनाई. करार चालू असताना दुसरीकडे जायचं नाही, एवढंच. मुदत संपल्यावर काय, तर मोकळा. तुझ्या नियुक्तिपत्रात काय लिहिलंय? सोडल्यानंतर दोन वर्षं. नेमकं तेच चालत नाही. १९८०ला सुपरिंटेंडन्स कंपनीच्या खटल्यात चाललं नाही. २००६ला झहीर खानविरुद्ध चाललं नाही."

झहीर खान हे नाव ऐकून मामा चमकतो. श्रीरामपूरच्या या गोलंदाजाचा परसेप्ट डी'मार्क या एजन्सीशी तीन वर्षांचा करार होता. करार संपल्यावरही दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव आला तर आधी आम्हाला विचारायचं, अशी त्यात अट होती. २००३मध्ये करार संपला, झहीरने दुसरी एजन्सी धरली आणि परसेप्ट मुंबई उच्च न्यायालयात गेली. शेवटी सर्वोच्च न्यायालयानेही झहीरच्याच बाजूने कौल दिला. तिथे एजन्सी आपल्या खेळाडूला धरून ठेवू पाहत होती, इथे आपल्या कामगाराला. कायद्याला दोन्ही सारखेच दिसले.

"बरं, मग बाँड," मामा दुसरा पत्ता टाकतो. "विजया बँकेचा बाँड सर्वोच्च न्यायालयाने परवाच उचलून धरला."

हेही खरं. तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये, या अटीवर बँकेत लागलेला अधिकारी २००९मध्ये आयडीबीआयकडे गेला, त्याने पैसे भरले आणि मग ते परत मागितले. मे २०२५मध्ये न्यायालयाने बँकेची अट ग्राह्य धरली. भाचीच्या मते मामाने यावर फार उड्या मारू नयेत. सरकारी बँकेला जाहिरात, परीक्षा, मुलाखती असा खर्चिक मार्ग घ्यावाच लागतो, मधेच जागा रिकामी झाली की सगळं पुन्हा करावं लागतं, हा त्या निकालाचा एक आधार होता. शिवाय तो वरिष्ठ पदावरचा माणूस. "तू नाक्यावरून ओळखीने आणलेल्या हेल्परकडून दोन लाखांचा बाँड लिहून घेतलास, तर न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील, की याच्यावर तू खर्च काय केलास? पावती आहे?"

पावती नसते. मामाची तर मुळीच नाही. त्याच्याकडचं प्रशिक्षण म्हणजे जुन्या फोरमनच्या मागे सहा महिने फिरणं. ते खरं प्रशिक्षण आहे, बहुतेक कोर्सपेक्षा चांगलंही असेल. पण त्याचा कागद होत नाही.

यानंतर मामा जे बोलतो, त्याने वादाचा रोख बदलतो. "ठीक आहे. पोराला बांधत नाही. कारखान्याला बांधतो. करार माझा आणि त्यांचा. दोघं जाणते, दोघांकडे वकील. आमच्या माणसांना फितवायचं नाही, एवढं त्यांनी कबूल केलं तर तुझं कलम २७ कुठे आडवं येतं?"

"येत नाही," भाची कबूल करते. "विप्रोच्या केसमध्ये हेच ठरलं."

बेकमन कुल्टर ही प्रयोगशाळेतली तपासणी-यंत्रं बनवणारी परदेशी कंपनी. तिची यंत्रं भारतात विकायचं आणि सांभाळायचं काम विप्रोकडे होतं. एकमेकांची माणसं फितवायची नाहीत, हे बंधन करार संपल्यावर दोन वर्षं लागू होतं. बेकमनने भारतातलं काम स्वतःच करायचं ठरवलं आणि नोकरभरतीची जाहिरात दिली. तिच्यात बेकमनच्याच यंत्रांचा अनुभव असलेली माणसं मागितली होती. असा अनुभव विप्रोवाल्यांखेरीज भारतात कुणाला असणार? दिल्ली उच्च न्यायालयाने २००६मध्ये म्हटलं, की दोन कंपन्यांमधलं असं बंधन म्हणजे व्यवसायावरची बंदी नव्हे. ते नोकरदारावर नाही, समोरच्या कंपनीवर आहे. पण जे गेले, त्यांना परत बोलावता येणार नाही. कलम मोडलं असेल तर विप्रोने भरपाई मागावी.

"बघ! भरपाई," मामा म्हणतो.

"भरपाई मिळवायला फितवलं हे सिद्ध करावं लागतं. बेकमनने जाहिरात छापली, पुरावा छापील झाला. तुझा मेंटेनन्स हेड काय छापतो?"

या धंद्यातली खरी अडचण हीच. फितवणं चहाच्या टपरीवर होतं. उद्या तंत्रज्ञ सांगेल, मी स्वतःहून अर्ज केला. कदाचित ते खरंही असेल. म्हणून एजन्सीवाले 'फितवू नका' यावर थांबत नाहीत, 'घेऊच नका' असं लिहितात. भाचीचा खरा राग त्या दुसऱ्या वाक्यावर आहे. फितवू नका म्हटलं की कारखान्याचं तोंड बंद होतं. घेऊच नका म्हटलं की तिसऱ्याच माणसाचं दार बंद होतं, आणि त्याला ते कुणी सांगितलेलंही नसतं.

असंच एक दार अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये बंद झालं होतं. ग्रीनब्रायर नावाची संस्था शुश्रूषागृहांना फिजिओथेरपीची माणसं पुरवायची. डव्ह हेल्थकेअरशी तिचा करार होता: आमच्या संमतीशिवाय आमचे थेरपिस्ट घेतले, तर त्यांच्या वार्षिक पगाराच्या ५० टक्के भरायचे. डव्हने घेतले, ग्रीनब्रायरने पैसे मागितले. २००२मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कलम मोडीत काढलं. थेरपिस्टांना अशा कलमाचा पत्ता नव्हता, त्यांची संमती नव्हती. जे बंधन तुम्ही त्यांच्याकडून सरळ लिहून घेतलं नाहीत, ते त्यांच्या पाठीमागे दुसऱ्याशी करार करून लादता कसं येईल?

मामाच्या बाजूनेही एक निकाल आहे आणि तो त्याला माहीत असायला हवा. दोनच वर्षांनी, शेजारच्या इलिनॉयमध्ये, ट्रकचालक पुरवणाऱ्या एच अँड एम या कंपनीने आपला चालक परस्पर कामावर ठेवणाऱ्या ग्राहकाविरुद्ध १५,००० डॉलरचं कलम लावलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. पुरवठादाराकडे विकायला माणसं शोधण्याचं कामच असतं. ग्राहकाने मधला माणूस वगळला तर त्याच्याकडे उरतं काय, हा त्याच्या बाजूचा युक्तिवाद. दोन राज्यं एकमेकांना लागून आणि निकाल उलट. २०२१मध्ये पेनसिल्व्हेनियाने पुन्हा विस्कॉन्सिनचीच वाट धरली. तिथे मालवाहतुकीचे दोन भागीदार भांडत होते, आणि न्यायालयाला पुन्हा तेच खटकलं: ज्यांच्यावर बंधन पडलं त्या कामगारांना त्याबद्दल ना कुणी विचारलं, ना काही दिलं.

"तिकडचे कायदे इकडे कशाला?" मामा विचारतो.

"कायदे नकोत. माणसं बघ. न्यूयॉर्कमधला झाडूवाला आणि हिंजवडीतला झाडूवाला, यांची गोष्ट एकच आहे."

डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गार्डियन सर्व्हिस इंडस्ट्रीज या कंपनीला तिची 'घेऊ नका' कलमं बंद करायला लावली. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या इमारतींना ती दरवान, सफाई कामगार, सुरक्षारक्षक पुरवते. इमारतीच्या मालकाने गार्डियनची माणसं थेट घ्यायची नाहीत, हे तर होतंच. पण मालकाने कंत्राटदार बदलला तर नव्या कंत्राटदारालाही ती घेण्याची मोकळीक नव्हती. आपल्याकडे कंत्राट बदललं की काय होतं, ते कुठल्याही आयटी पार्कच्या गेटवर दिसतं: एक तारखेला गार्ड तेच असतात, गणवेशाचा रंग बदललेला असतो. माणसं साइटची असतात, एजन्सी येतात-जातात. कामगाराला ही व्यवस्था फार सुखाची नाही, प्रत्येक वेळी पीएफचा हिशेब नव्याने लागतो. पण निदान रोजगार राहतो. त्यावर 'घेऊ नका' हे कलम लावलं, तर एजन्सीने कंत्राट गमावल्याची शिक्षा गार्डला होते.

इथे मामा गप्प बसत नाही, पण आवाज खाली येतो. कारण गेल्या खेपेला कंत्राट त्याने गमावलेलं नव्हतं, दुसऱ्याकडून मिळवलेलं होतं, आणि आधीच्या एजन्सीचे चौदा ऑपरेटर त्याने जसेच्या तसे ठेवून घेतले होते.

"ते वेगळं," तो म्हणतो.

"कसं वेगळं?"

वेगळं नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. माणूस कुणाचा, या प्रश्नाला महाराष्ट्राने एकेकाळी निराळंच उत्तर शोधलं होतं. १९६९च्या माथाडी कायद्याने आणि १९८१च्या खासगी सुरक्षारक्षक कायद्याने कामगाराची नोंदणी मंडळाकडे केली. मंडळ माणूस पाठवतं, मालक पैसे मंडळाकडे भरतो. तिथे माणूस कुणी पळवला, हा प्रश्नच उरत नाही. खासगी एजन्सींना त्या वाटेने जायचं नाही, आणि चिलर ऑपरेटरसाठी असं मंडळ कुणी काढणारही नाही. म्हणून मधला रस्ता पाहायला हवा, आणि तो युरोपने चांगला आखला आहे.

युरोपीय संघाचा २००८चा निर्देश सांगतो, की एजन्सीचं काम संपल्यावर ग्राहकाने कामगाराला नोकरी देऊ नये, असं कलम रद्द समजावं किंवा रद्द करता यावं. त्याचबरोबर हेही सांगतो, की माणूस शोधणं, शिकवणं, पुरवणं याचा वाजवी मोबदला एजन्सीला मागता येईल. ब्रिटनच्या २००३च्या नियमांनी तर अशा मोबदल्याला आधीच मुदत घातली होती. काम सुरू झाल्यापासून १४ आठवडे किंवा संपल्यापासून ८ आठवडे, यातली जी मुदत नंतर संपेल तिच्या आत ग्राहकाने माणूस रोलवर घेतला, तरच फी. शिवाय ग्राहकाला पर्याय द्यायचा: फी भर, नाहीतर ठरलेले आठवडे तोच माणूस आमच्याकडून भाड्याने ठेव आणि मग फुकट घे.

प्रस्तुत लेखकाला या सगळ्या वादात ब्रिटिश नियम सगळ्यात व्यवहारी वाटतो. एजन्सीच्या नुकसानीला तिथे शेवट आहे. तीन महिन्यांत ग्राहकाने माणूस नेला तर एजन्सीची मेहनत खरंच वाया जाते. तीन वर्षं दरमहा तीन हजार मिळाल्यावर तीच एजन्सी मेहनतीचे पैसे बुडाले म्हणून रडू लागली, तर ते रडणं ऐकून घेण्याचं कारण नाही. डॅफोडिलचा अभियंता तीन वर्षांपेक्षा जास्त काळ कंपनीत होता.

मामा शेवटी कागद पुढे ओढतो. "लिही, तुझ्या मताने."

भाची लिहिते. नियुक्तिपत्रातलं सोडल्यानंतरचं बंधन काढून टाक. ते टिकणारं नाही, फक्त पोरांना घाबरवतं. कारखान्याशी करारात 'घेऊ नका' लिहू नकोस, 'घेतलं तर एवढे द्या' लिही. पहिल्या तीन महिन्यांत घेतलं तर दोन महिन्यांचं बिल, वर्षापर्यंत एक महिन्याचं, वर्षानंतर काही नाही. रक्कम मनाला येईल तशी फुगवायची नाही, कारण करार कायद्याच्या कलम ७४खाली न्यायालय वाजवी भरपाईच देतं. करारातला आकडा ही फक्त वरची मर्यादा. भरतीचा खर्च, वैद्यकीय तपासणी, गणवेश, फोरमनचे शिकवण्याचे दिवस, सगळ्याचा कागद ठेव. आणि कंत्राट संपून दुसरी एजन्सी आली, तर तिने माणसं ठेवून घेतल्याबद्दल फी मागायची नाही.

"एवढंच?"

"एक राहिलं. या कलमाची मराठीतली प्रत नियुक्तिपत्राला जोडायची. पोराने वाचून सही करायची."

"म्हणजे मीच त्याला सांगू, की कारखान्याने तुला नेलं तर मला साठ-सत्तर हजार मिळतात?"

"हो."

"आणि तो उद्या येऊन म्हणाला, की मामा, माझी किंमत एवढी आहे तर पगार दोन हजारांनी वाढवा?"

"मग तू वाढवशील का?"

"हजार," मामा म्हणतो. "आणि तेही दिवाळीनंतर."